दिवस पहिला : मुंबई

छापील पुस्तिकेत लिहिलंय,
दिवस पहिला : मुंबईहून तिबिलिसीकडे प्रयाण.
त्याखाली बारीक अक्षरात, आराम.

आराम म्हणजे आई रात्री साडेनऊला
गच्चीवर चादर वाळत घालते आहे
आणि खाली रिक्षावाला मीटर टाकून
माझ्या तोंडाकडे बघतो आहे.
या वेळी चादर कोण वाळत घालतं, मी ओरडते.
ती येते. हाताला विटकर लागलेली.
कशी लागली ते मी विचारत नाही.
कुलूप तीनदा ओढून बघते
आणि असल्फ्याच्या उतारावर
बॅग मांडीवर घेऊन बसते,
जणू रिक्षातूनच कोणी ती पळवेल.

डोक्यावरून एक विमान उतरतं.
आमच्यावरून ती उतरतातच,
दर दोन-तीन मिनिटांनी एक, पोटाखाली दिवे लावून,
इतकी खालून की आलेले पाहुणे वाक्य अर्धवट सोडतात
आणि आम्ही तेवढं थांबून पुढचा घास घेतो.
"ही सगळी येणारी," आई म्हणते.
"जाणारी कुठून जातात गं?"
चाळीस वर्षं या घरात,
आणि प्रश्न आज, सिग्नलला.

गेटपाशी निनाद, टूर मॅनेजर, असेल सव्वीसचा,
निळ्या टोप्या वाटतो आहे.
आम्ही सतरा आणि अठरा.
करंबेळकर पतीपत्नी युरोप दोनदा करून आलेत,
न विचारता मोज्यांबद्दल सांगतात.
"सतरा?"
"हजर," आई हात वर करते.
टोपी अंबाड्यावर बसत नाही,
तेव्हा पर्सच्या पट्ट्याला टांगते.

शिक्का मारणारा साहेब विचारतो, कशासाठी चाललात?
ती वळून माझ्याकडे बघते,
गॅदरिंगला ओळ विसरल्यावर मी तिच्याकडे बघितलं होतं तसं.
"हिने पैसे भरले म्हणून."
साहेब हसत नाही. पण शिक्का
जरा सरळ मारतो.

पुढे यंत्रात पर्स अडते.
आत अडकित्ता. पितळी, एका बाजूचा घुंगरू गळालेला.
"सुपारीसाठी हो," आई गणवेशातल्या मुलीला समजावते.
मुलीला त्याचं नाव माहीत नाही,
अंगठ्याने धार मात्र बरोबर ओळखते.
पारदर्शक पेटीत तो पडतो,
लायटर, कात्र्या, स्क्रू-ड्रायव्हर यांच्यावर.
मी भांडायला तोंड उघडते.
आई पेटीत वाकून बघत असते.
"नेलकटर किती बघ," ती म्हणते.
"सगळी माणसं नखं घेऊनच गेली."

दोन वाजता धावपट्टी सुटते.
ती खिडकीला कपाळ लावते. जुहूचे दिवे, मग काही नाही.
"घर?"
"मागे राहिलं. जाणारी इकडून जातात, समुद्रावरून."
"अस्सं,"
चाळीस वर्षांचं काहीतरी जागेवर बसल्यासारखं.

मग ट्रे येतो.
इतकी वर्षं लोकांचे डबे केलेली बोटं
चांदीचा कागद उचलतात, पोळीची कड दाबून बघतात.
"लाटणारीला घाई होती."
नावं ठेवत नाही त्यापुढे. संपवते.
माझ्यातली अर्धीही.

दिवे मालवतात. करंबेळकर घोरतात.
मला वाटतं झोपली,
पण गालात अख्खी सुपारी फिरते आहे,
दात न लावता, नुसती.

"येताना मात्र आपल्यावरूनच ना?"
"बहुतेक."
"उजेडात?"
मी मोबाइलच्या प्रकाशात पुस्तिका काढते.
दिवस आठवा, सकाळी नऊ दहा.
"मग दिसेल," ती म्हणते,
"केशरी घातलीय, मोठ्या फुलांची.
खिडकी तू घे तेव्हा, मला चष्म्यातून नीट नाही दिसत."

"वारा आला तर?"

"चार कोपऱ्यांना चार विटा ठेवल्यात.
झोप आता."